दाभणावरचं तांबं

सांगलीच्या कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोनच होत्या, आणि त्यातली जी रसायनात नापास झाली ती मी. नापास झाल्याचं मला एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते सरांनी पेपर हातात देताना जे विचारलं त्याचं. "बाई, आयनावर तुम्ही दीड पान लिहिलंय, पण त्यात आयन कुठंच सापडत नाही. तुम्हाला तो पटत नाही का?" सगळा वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "नाही पटत, सर." माझा स्वभाव हा असा. तोंडाला येईल ते बोलून मोकळी व्हायचं, आणि मग मामाच्या घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचं.

आता तुम्हीच सांगा, पटणार कसा? सर दोन तारा घेत, मध्ये एक दिवा लावत. तारांची टोकं साखरेच्या पाण्यात बुडवली की दिवा ढिम्म. मिठाच्या पाण्यात बुडवली की पेटला! दोन्ही पाणी दिसायला सारखंच. सर म्हणत, मिठाचे कण पाण्यात सुटे सुटे होतात. एकानं आपला इलेक्ट्रॉन दिलेला असतो, दुसऱ्यानं तो घेतलेला असतो. ज्यानं दिला त्याच्यावर धन भार, ज्यानं घेतला त्याच्यावर ऋण भार. भार असलेला हा कण म्हणजे आयन. तोच पाण्यातून वीज नेतो. मी मनात म्हणायची, डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत येत नाही, आणि तो म्हणे वीज वाहतो. गावाकडं असल्या गोष्टींना आम्ही भुताटकी म्हणतो.

एकदा सरांनी तांब्याची एक पट्टी आणि जस्ताची एक पट्टी आणली. दोन्ही जिभेवर ठेवायच्या आणि बाहेरची टोकं एकमेकांना टेकवायची. मुलं पुढं येईनात, तेव्हा मीच गेले. टोकं टेकली मात्र, जिभेला झिणझिण झाली आणि गंजक्या कुलपाला जीभ लावावी तशी चव तोंडभर पसरली. सर म्हणाले, "ही चव लक्षात ठेवा." मी पदरानं जीभ पुसली आणि जागेवर जाऊन बसले.

ती लढाईची वर्षं. दिवाळीला मी घरी निघाले, ते मिरजेहून आगगाडीनं आणि पुढं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं. साताऱ्याजवळ कृष्णेकाठी आमचं गाव. घरात तेव्हा तिघंच माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्या लढाईतले हवालदार. आई. आणि वैशाखात लग्न होऊन आलेली माझी वहिनी. दादा फौजेत. लग्नाला रजा घेऊन आला आणि तीन आठवड्यांत समुद्रापार गेला. कुठं गेला ते पत्रात लिहायची परवानगी नव्हती.

मी धनत्रयोदशीला घरी पोचले. आईनं दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं!" वाळतीय कसली, मामीच्या हातचं खाऊन मी चांगली गरगरीत झाले होते. आयांना सगळीच पोरं वाळलेली दिसतात म्हणून मी हसले आणि आत गेले. आत आबा घोंगडीवर पडून होते. उभा हाडापेराचा माणूस, पण गालफाडं बसलेली. दोन महिने पोट ठिकाणावर नव्हतं. जेवले की मळमळायचं, दिवसाआड उलटी. साताऱ्याच्या डॉक्टरनं पुड्या दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग नव्हता.

"काय झालंय तरी काय?" मी विचारलं.

"हातगुण," आई म्हणाली. "तुज्या वैनीचा. पायगुण तर बघितलाच आपण. ती आली आन् दादा पान्यापल्याड गेला. म्हशीचं रेडकू गेलं. आता हिच्या हातचं अन्न बी इटतंय. चांगलं ताक हिला कढीला द्यावं, तर आमच्या ताटात कडू जहर येतंय. तिला सवताला बघ काय हुतंय का! काय सुदीक न्हाई. ठणठणीत हाय."

मग आईनं बाकीचं सांगितलं. वहिनीच्या माहेरी, आटपाडीला निरोप गेला होता. भाऊबीजेला वहिनीचा भाऊ मुराळी म्हणून येणार होता, बहिणीला माहेरी न्यायला. दर दिवाळीला मुराळी येतो, चार दिवस नेतो, परत आणून घालतो, ही रीतच आहे. पण या खेपेला आई त्याला सांगणार होती, की घेऊन जा आणि आम्ही बोलवू तेव्हाच पाठवा. आम्ही बोलवू म्हणजे कधी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तशा पाठवलेल्या दोन बायका आमच्याच गावात भावांच्या दारात शेण थापत म्हाताऱ्या होत होत्या. आणि मुराळी यायला उरले होते मोजके दिवस.

खरं सांगायचं तर वहिनीशी मी काही फार चांगली वागले नव्हते. माझ्याच वयाची, बुटकी, सावळी, आणि बोलायची इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. आटपाडीकडचं माणदेशी माणूस. तिकडं पाण्याचा ठणठणाट. लग्नानंतर ती पहिल्यांदा भांडी घासायला बसली तेव्हा मी नाक मुरडून म्हणाले होते, "आमच्याकडं भांड्यात तोंड दिसावं लागतं हं, वहिनी!" शिकलेली नणंद ना मी. नाकानं कांदे सोलायची हौस दांडगी. एवढं बोलून मी सांगलीला गेले, आणि बोललेलं विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी जेवायला कढी होती. आबांना कढीवाचून घास उतरत नसे. मी पहिला भुरका मारला आणि तशीच थांबले. ती चव! सरांच्या दोन पट्ट्या जिभेवर ठेवल्या तेव्हाची तीच, झिणझिण सोडून. मी वाटी ठेवली आणि उष्ट्या हातानं स्वयंपाकघरात गेले. आमचं स्वयंपाकघर अंधारं, धुरानं काळवंडलेलं, दिवसाही नीट दिसत नसे. चुलीवरचं पितळी पातेलं मी उचललं, कढी दुसरीकडं ओतली आणि पातेलं धुऊन परसदारी उजेडात नेलं.

आत माझं तोंड दिसलं! अगदी स्वच्छ, पिवळंधमक. सोन्यासारखं लखलखत होतं पातेलं आतून.

पितळी भांड्याला आतून कथलाची पांढरी कल्हई असते, हे तेव्हाच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नसे. ती नसली की आंबट पदार्थ कळकतो, हिरवा पडतो, खाल्लं की ओकाऱ्या होतात. लग्नासाठी आमची सगळी भांडी नवी कल्हई करून घेतली होती. ती दीड वर्ष तरी जायला नको होती. मी एकेक भांडं काढून बघितलं. सगळी पिवळी. कल्हईचा मागमूस नाही, आणि लढाईपायी कथील बाजारात मिळेनासं झालेलं.

"वहिनी, कल्हई कुठं गेली?"

"कसली कल्हई, वन्सं?"

मी त्या पातेल्याच्या आत बोट दाखवलं. "इथं पांढरं होतं ना!"

"ते व्हय!" तिचा चेहरा एकदम उजळला. कुणीतरी अखेर तिच्या कामाकडं बघितलं होतं. "खार व्हता त्यो. समद्या भांड्यास्नी. श्रावनात सवड गावली, आठ दिस लागलं मला. वाळू आन् चिंच घेऊन घासलं तवा कुठं निगाला बगा."

मग हळूहळू सगळं कळलं. माहेरी त्यांचं रांधणं मातीच्या गाडग्यात आणि भाकरी लोखंडी तव्यावर. पितळेचा एकच हंडा, तो पाण्याचा. आणि विहिरीचं पाणी असं खारट की हंड्याला आतून रोज पांढरा थर धरायचा. तो घासून काढणं हे मुलीचं काम. राहिला तर आईचा धपाटा. ती आमच्या घरी आली, भांड्यांत डोकावून बघते तो सगळीकडं पांढरा थर. तिला वाटलं, काय बाई माणसं ही, वर्षानुवर्षं खार काढला नाही. कुणाला न बोलता, मान खाली घालून, आठ दिवस वाळूनं घासून तिनं आमच्या घरची कल्हई मुळासकट काढून टाकली.

"आन् तुमीच म्हनला हुता न्हवं," ती म्हणाली, "तोंड दिसाया पायजे म्हून."

मला हसू फुटलं, आणि दुसऱ्याच क्षणी माझंच बोलणं आठवलं. मग कळलं, तिला काही का होत नव्हतं ते. ती सगळ्यांत शेवटी जेवायची. तोवर कढी संपलेली असे. चटणी-भाकरी खाऊन उठायची बिचारी.

मी पातेलं घेऊन तडक सोप्यात आले. "आई, वहिनीच्या हाताचं काही नाही. कल्हई गेलीय. हे बघ!"

आईनं पातेलं हातात घेतलं, तोंडाजवळ धरलं, आत बोट फिरवलं. "गेली कुटं? पांडरीधोट हाय की. गुळगुळीत लागतीया."

"अगं पांढरी कुठं? पिवळी आहे! बघ ना नीट!"

"मला शिकवतीस व्हय? चूल फुकत जल्म गेला माजा. कालिजात गेलीस म्हून आईला खोटं पाडाया लागलीस?" पातेलं तिनं दाणकन खाली ठेवलं.

माझ्या अंगाची लाही झाली. उघड्या डोळ्यांनी ही बाई धडधडीत खोटं बोलतेय, कशासाठी, तर सुनेला घालवायची म्हणून! आईविषयी असं मला कधी वाटलं नव्हतं. आबांकडं जाऊन काही उपयोग नव्हता. चुलीपाशी आईचा शब्द शेवटचा, हा आमच्या घरचा कायदा होता. मी परसात जाऊन बसले आणि विचार करू लागले, की या हट्टी बाईला पटवायचं कसं.

तेव्हा मला सरांचं दुसरं एक बोलणं आठवलं. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या पाण्यात लोखंड बुडवलं की त्यावर तांबं चढतं. सरांनी खिळा बुडवून दाखवला होता. मग कढीत जे उतरलंय ते तांबंच असेल तर? घरात पोती शिवायचे दाभण होते. दोन काढले, राखेनं घासून चकचकीत केले. चिंचेचं पाणी, त्यात मूठभर मीठ, आणि ते त्याच पातेल्यात घालून लक्ष्मीपूजनाचा अख्खा दिवस ठेवलं. पाडव्याच्या सकाळी पाण्याला हिरवट झाक आली होती. एक दाभण त्यात अर्धा बुडवला, दुसरा तसाच कोरडा ठेवला, आणि आम्ही दोघी नणंद-भावजय पातेल्याच्या दोन बाजूंना उकिडव्या बसलो.

"काय हुनार हाय ह्येचं?" वहिनीनं विचारलं.

मी सांगायला लागले. सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसू लागलं. पितळेत तांबं असतं. घट्ट, जागच्या जागी. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितो, काही होत नाही. पण आंबट लागलं, हवा लागली, की त्यातला एखादा कण आपले दोन इलेक्ट्रॉन मागं ठेवून पाण्यात निघून जातो. तांबं तेच. पण दोन देऊन निघालं की त्याचा रंग वेगळा, चव वेगळी, आणि पोटात गेलं की वागणूक वेगळी. तोच आयन. तोच आबांच्या कढीत होता. मी दीड पान लिहूनही जो मला सापडला नव्हता, तो आमच्या चुलीवर रोज शिजत होता.

"मंग त्यो दाभनावर कसा येईल?"

"लोखंड त्याला आपले दोन देतं. मिळाले की तो पुन्हा तांबं होतो आणि तिथंच बसतो. पण लोखंडाचा जो कण देतो ना, तो मग स्वतः सुटतो आणि पाण्यात जातो."

वहिनी म्हणाली, "म्हंजी लोकंड जातंया आन् तांबं घरला येतंया."

"हो. तसंच."

"वन्सं, मी गेल्यावं ह्ये घरला येनार असतील तर जाती मी. खरंच. गावात समदी म्हनत्यात माजा पायगुन वाईट. असंल बी. त्येस्नी काय झालं तिकडं तर मी हितं ऱ्हाऊन काय करू?" तिनं डोळ्याला पदर लावला नाही. नुसतं पाण्याकडं बघत बोलली. मी आजवर तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. त्या सकाळी घेतलं. तिच्या अंगाला राखेचा आणि चिंचेचा वास येत होता, आणि मला माझी फार लाज वाटली.

दुपारच्या आत दाभण तांबडा झाला. फार नाही, पातळसा थर, पण बुडालेला भाग तांबडा आणि वरचा पोलादी, असा स्पष्ट. मी उडीच मारली. दोन्ही दाभण घेतले आणि अंगणात धावले. आई उन्हात बसून शेंगा फोडत होती. "आई, हे बघ! आता तरी बघ! लोखंडावर तांबं चढलंय, दिसतं का?" आणि एक दाभण तिच्या हातात दिला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला. फिरवला. "दिसतोय की तांबडा. आंदळी हाय व्हय मी? त्येनं काय हुतंय? दाभनाला तांबडं लावलं म्हून हातगुन बदलतोय व्हय!"

मी तोंड उघडलं आणि खाली बघितलं. तांबडा दाभण माझ्याच हातात होता. गडबडीत तिला मी कोरडा, पांढरा दाभण दिला होता.

माझा चेहरा चाचपून ती वाळलीस म्हणाली होती. पातेल्याच्या आत बोट फिरवून पांढरीधोट म्हणाली होती. ती खोटं बोलत नव्हती. तिला दिसतच नव्हतं! मी बोलायला गेले तेवढ्यात उंबऱ्यात उभ्या वहिनीनं मान हलवली. जोरजोरात, नको नको म्हणून. मी दाभण घेतला आणि आत आले.

"तुला ठाऊक होतं?" मी तिला गोठ्याकडं ओढत नेऊन विचारलं.

"पैल्या आठवड्यातच. आत्याबाई मिठाची पुरचुंडी चाचपून घेत्यात. पाट सरकला की ठेचकाळत्यात. मंग मी समदं जागच्या जागी ठेवाया लागली. आन् जवळनं जाताना बांगड्या वाजवत जाती, म्हंजी त्येस्नी कळतं मी कुटं हाय ते."

"अगं मग सांगायचं नाहीस? आईला दिसत नाही म्हणून कल्हई गेलेली कळत नाही, एवढं परवाच बोलली असतीस तर तुझ्यावरचं हे बालंट टळलं नसतं का?"

"त्येंनी कुनाला सांगितल्यालं न्हाई. मामंजींना सुदीक न्हाई. दिसत न्हाई म्हनलं की घर त्येंच्या हातातनं जाईल, वन्सं. मी कालची पोर. मी कसं सांगू?" आणि मग तिनं माझा हात धरला. "तुमी बी सांगू नका. तुमाला तुमच्या दादांची आन हाय."

शपथ घातली की आली पंचाईत. गप्प बसावं तर वहिनी जाते, बोलावं तर चारचौघांत आईचं आंधळेपण उघडं पडतं. त्या दिवशी पाडव्याचं ओवाळणं झालं, पुरणपोळी झाली, मला काही गोड लागलं नाही. कढी मात्र मी मातीच्या गाडग्यात करायला लावली, आणि आबांना ती पचली. एका दिवसानं काय सिद्ध होणार म्हणा.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच मुराळी आला. वहिनीचा थोरला भाऊ, पायी चालून धुळीनं भरलेला, सोप्याच्या कडेला अंग चोरून टेकला. आबांनी त्याला पाणी दिलं. ओटीवर शेजारची दोन माणसं येऊन बसली. वहिनी आत ओवाळणीचं ताट करत होती. मी आईला माजघरात बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"आई, दोन वाट्या आणल्यात. दोन्हीत चिंचेचं पाणी आहे, एकाच चिंचेचं. दोन्ही मी केलंय. वहिनीचा हात लागलेला नाही, माझी आण. एक काल मातीच्या गाडग्यात ठेवलं होतं, एक आपल्या पातेल्यात. जिभेला नुसता थेंब लाव आणि सांग."

"काय खूळ काढलंस..."

"जे पाण्यात उतरतं ना, ते कुणालाच दिसत नाही, आई. मला नाही, आमच्या सरांना नाही. जिभेला मात्र कळतं. तुझ्या जिभेइतकं कुणाच्याच नाही कळत."

एवढं मात्र मी अगदी खरं बोलले. आईनं पहिल्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. "चांगलं हाय." दुसऱ्या वाटीतलं लावलं, आणि तिचं तोंड आक्रसलं. ती थुंकली. "कळाकलंय. ह्येच... ह्येच लागतंय रोज." मग ती हाताला हात घासत राहिली. बाहेर आबा मुराळ्याला पाऊसपाण्याचं विचारत होते.

"ह्ये तू केलंस," ती म्हणाली. "तिनं न्हाई."

"मी केलं. माझ्या हातानं."

"मंग पातेलं." ती थांबली. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला वहिनीचीच आठवण झाली. "आत... पिवळं दिसतंय का गं?"

"हो, आई."

"समदं?"

"समदं. तिला वाटलं खार आहे. घासून काढला. आणि भांड्यात तोंड दिसायला हवं, असं मीच तिला म्हटलं होतं. माझी चूक आहे ती. तिची नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले, त्या न बघणाऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "दोन वरीस झाली," ती म्हणाली. "पयलं धुकं यायचं. आता ऊन आन् सावली तेवढी कळती." मग एकदम माझ्याकडं, म्हणजे माझ्या आवाजाकडं वळली. "तिला ठावं हाय?"

शपथ होती. मी काही बोलले नाही. पण आईला माझं गप्प बसणंही वाचता येत होतं.

"कवापासनं?"

"पहिल्या आठवड्यापासनं," मी म्हटलं. मोडली शपथ. "तुला कळावं म्हणून ती बांगड्या वाजवत चालते."

आई भिंतीला हात लावून उठली. दार तिनंच उघडलं. ओटीवर सगळे बसले होते, मुराळी तिला बघून उभा राहिला. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात आली होती. मला वाटलं, आई काहीतरी सावरून घेईल. आम्ही घरंदाज माणसं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"पावनं," आई म्हणाली, "ह्या घरची समदी भांडी कळाकल्याली. त्येचा दोस मी लेकीसारक्या सुनंवर ठेवला. मला दिसत न्हाई. दोन वरसं झाली, कुनाला सांगितलं न्हाई. ह्येंना बी न्हाई."

आबा उठून बसले. शेजारची माणसं जमिनीकडं बघू लागली.

"बहीन चार दिसासाठी न्या. सणाचं माहेर हाय, न्या. पर पाचव्या दिशी आनून घाला. तिच्या बांगड्या वाजल्या की मला घर दिसतंय. कथील मिळंल तवा मिळंल, तवर आमी बी तुमच्यासारकं गाडग्यातच रांदू."

वहिनीच्या हातातलं ताट कललं. निरांजन विझेल म्हणून मी ते काढून घेतलं.

"ये गं सूनबाई," आई म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. केला तो चुकीच्या बाजूला, जिथं नुसता खांब होता. वहिनी बांगड्या न वाजवता दोन पावलं सरकली आणि त्या हाताखाली जाऊन उभी राहिली.